कांशाचा बिनपायांचा हत्ती

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे पाय चिखलात बुडवून कोंबडी कागदावर फिरावी तसं आहे. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिथेच बाकावर राहिले. चांदीपला माझ्या माहेरी न आणि ण एकाच ताटात जेवतात, त्यामुळे कुठे कोणता बसवायचा हे मी अजून अंदाजानेच ठरवते. मुलीच्या पुस्तकात बघून जमेल तेवढं सुधारलंय. तरी कुणाच्या हाती हे लागलंच, तर अक्षराला हसू नये. हसू थोडं राखून ठेवावं, पुढे लागणार आहे.

मी काही वर्षं कांशाची जनावरं केली. असं म्हटलं की मी कुणीतरी मोठी कारागीर वाटते. खरं म्हणजे मी मेणाची जनावरं करायचे. कांशाची ती नंतर व्हायची, माझ्या पाठीमागे, दुसऱ्या गाळ्यात.

लग्न होऊन मी तुळिंजला आले, त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. आमच्या चाळीमागे गाळ्यांची रांग होती. एकात पुठ्ठ्याचे खोके व्हायचे, एकात बांगड्या, आणि शेवटच्या दोन गाळ्यांत ओतकाम. तिथे समया, देव्हाऱ्याच्या कमानी, दाराला लावायचे मोर आणि बंगल्यांच्या जिन्याला बसवायच्या वेली तयार व्हायच्या. शेठ मूळचे नाशिककडचे. त्यांना मेणाच्या खोलीत बाई हवी होती, कारण बारीक पानं चिकटवायला पुरुषांची बोटं जाड पडतात असं त्यांचं मत होतं. माझी बोटं बारीक होती. माझी एवढीच पात्रता.

मेणाच्या खोलीत एक मिस्त्री होते, सावंतवाडीकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी मला काम शिकवलं. काम असं असायचं. मेणात राळ घालून ते मऊ करायचं. जनावर लहान असेल तर सगळं मेणाचंच. मोठं असेल तर आत मातीचा गोळा आणि वर मेणाचा पातळ थर, पुरणपोळीच्या उलट, कामाचं ते बाहेर. मग त्यावर पिसं, डोळे, पानं, शिरा हे सगळं गरम सळईने काढायचं. झालं की मिस्त्री त्याला बाहेरून माती लिंपायचे. भट्टीत मेण वितळून वाहून जायचं आणि त्याच्या रिकाम्या जागेत वितळलेलं कांसं ओतायचं. म्हणजे मी केलेलं काही उरतच नसे. लाजाळू बाईला याहून सोयीचं काम कुठलं?

लाजाळू म्हणजे किती? शेठ खोलीत आले की मी हातातल्या पोपटाकडे इतकं टक लावून बघायचे की त्या पोपटालाच लाज वाटावी. त्यांनी काही विचारलं तर मी मान हलवायचे. हो असलं तरी हलवायचे, नाही असलं तरी हलवायचे. कोणतं काय ते त्यांनी समजून घ्यायचं. तहान लागली तर पाणी मागायला नको म्हणून मी घरून पिऊन जायचे.

पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी मला एक गोष्ट सांगितली. तराजूत मेणाचं एक फूल टाकलं आणि म्हणाले, "एकाक धा, गो बाय. मेण एक, तर धातू धा. ह्यां ध्यानात ठेव."

मी मान हलवली. आणि खरंच ध्यानात ठेवलं. पण ठेवलं ते माझ्या पद्धतीने. एकाला दहा हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आमचं शेत आलं. एक पायली भात पेरलं आणि दहा पायल्या आलं तर माझा बाप गावभर सांगत फिरायचा. तांब्यापितळेची भांडी तर दुकानात वजनावरच विकतात, हे मला माझ्या लग्नातल्या हंड्यापासून ठाऊक होतं. जड भांडं, जास्त पैसे. मग काय, जितकं मेण जास्त तितकं शेठचं पीक जास्त! हे मी मिस्त्रींना विचारून घ्यायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलायचं.

तरी मिस्त्री शेजारी होते तोवर निभावलं. मी केलेली प्रत्येक वस्तू ते हातावर तोलून बघायचे, जास्तीचं मेण खरवडायचे. मला वाटायचं, म्हातारा चिकट आहे.

मग एका मंगल कार्यालयाचं मोठं काम आलं. नवरा-नवरी बसतात त्या जागेमागे कांशाची महिरप हवी होती. खाली दोन बाजूंना हत्ती, त्यांच्यावर घडासकट केळी, वर नागवेलीची कमान आणि वेलीत पोपट. मध्ये मोकळ्या जागेत हरणं. मिस्त्रींनी प्रत्येकाचा एकेक नमुना केला आणि त्याच वेळी त्यांच्या गावाहून फोन आला, आई पडली. जाताना ते मला म्हणाले, "असांच करीत रव. येतंय मी."

नमुने समोर ठेवून मी कामाला लागले. आणि मला त्या जनावरांची दया यायला लागली.

मिस्त्रींचं हरण फार देखणं होतं, पण बरगड्या दिसत होत्या. पोट पाठीला लागलेलं. पोपट सडसडीत. हत्तीचं पोट आत गेलेलं. ही जनावरं लग्नाच्या ठिकाणी लावायची? आमच्याकडे गोठ्यातल्या गाईच्या बरगड्या दिसल्या तर सोयरे दाराशी थांबून घरधन्याकडे बघतात. मी माहेरी गेले तेव्हा आईला सहज सांगितलं की हरणं फार वाळकी आहेत.

आई भात पाखडत होती. म्हणाली, "बाय, जनावर म्हंजे खाऊनपिऊन असलं पायजे. पानी पाजतात का नाय त्यांना?"

"मेनाची हायेत गं." आईसमोर मी तिच्याचसारखं बोलते.

"म्हनून काय झालं? बघनारा काय बोलंल?"

झालं. मी तुळिंजला परत आले आणि जनावरांना चारायला घेतलं. पोपटांना पोटं दिली. ती देताना जरा मनाविरुद्ध गेलं, कारण पोपट आमच्या भाताचे चोर, लहानपणी त्यांना हाकायला मी डबा बडवत बांधावर बसायचे. पण लग्नकार्यात वैर नको. हरणांच्या कुशी भरल्या, मागचे पुठ्ठे भरले. खरं हरण मी पाहिलेलं नव्हतं, शेळ्या मात्र रोजच्या, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळला. केळीचे घड मी असे लगडले की खऱ्या केळीला टेकू द्यावा लागला असता. नागवेलीची पानं अशी जाड की विडा करायला घेतला तर दुमडलीच नसती. आणि प्रत्येक बोटभर मेण लावताना मनात म्हणायचे, एकाला दहा, शेठ, एकाला दहा. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांना आपणहून कळेल, ते खूश होऊन खोलीत येतील आणि मी खाली बघेन, असं सगळं ठरवून ठेवलं होतं.

हे कुणाला कळलं कसं नाही? शेठनी मिस्त्रींचे नमुने तोलले होते. एका पोपटाचं वजन, गुणिले पोपट. एका हरणाचं, गुणिले हरणं. त्या हिशोबाने ते कांसं वितळवत होते. पोपटांच्या वेळी धातू थोडा कमी पडला, त्यांनी जुनं मोडीचं घातलं. केळीला कमी पडला, भट्टीवाल्याला ओरडले की वर तरंगणाऱ्या मळीत फार जातंय. हरणांच्या वेळी बाजारातून घाईने महाग माल आणला. आणि हे सगळं घासून पुसून कार्यालयात नेऊन बसवलंसुद्धा.

मग हत्तीची पाळी आली.

ओतताना साचा उलटा ठेवतात, पाय वर. त्यामुळे धातू आधी पाठीत जातो, मग पोटात, आणि सगळ्यात शेवटी पायांत. माझ्या हत्तीच्या पोटाने सगळा धातू पिऊन टाकला. पायांपर्यंत काही पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी साचा गार झाल्यावर मागच्या गाळ्यातून मोठा आरडाओरडा ऐकू आला. मी पहिल्यांदाच तिकडे गेले. माती फोडलेली होती आणि जमिनीवर माझा हत्ती पडला होता. सोंड उत्तम. कान उत्तम, त्यांवरच्या शिरासुद्धा उठल्या होत्या. गळ्यातली घंटा सुरेख. पोट तर काय सांगू. आणि पोटाखाली काही नाही. चार जागी चार खरबरीत खुणा. भट्टीवाला डोक्याला हात लावून म्हणत होता, "शेठ, धातू पूरा डाला मैंने, कसम से."

नेमके त्याच दिवशी मिस्त्री गावाहून परत आले होते. त्यांनी हत्तीकडे बघितलं आणि ते सरळ मेणाच्या खोलीत गेले. दुसरा हत्ती अजून मेणातच होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलायला घेतला आणि परत खाली ठेवला. मग शेल्फावर राहिलेलं जास्तीचं हरण उचललं.

"हें हरण आसा की गाभण शेळी गो?"

मी मान हलवली.

"ह्यां मेण कोणी चढवल्यान?"

मी माझ्या पायांकडे बघायला लागले. ते अजून होते.

शेठ दारात उभे होते. "बाई, बोला काहीतरी. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

आणि मी बोलले. इतकी वर्षं न बोललेलं सगळं त्या दिवशी बाहेर पडलं. एकाला दहा, भाताची पायली, लग्नातला हंडा, वजनावर विकणं, बरगड्या, सोयरे, सगळं. भट्टीवालाही ऐकायला आला, पुठ्ठ्याच्या गाळ्यातले दोघे आले. मी थांबले. मग मिस्त्री हसायला लागले. त्यांना खोकला लागला तरी हसतच होते.

शेठ हसले नाहीत. म्हणाले, "बाई, ते दहापट कांसं भट्टीत उगवत नाही. ते मी विकत आणतो. आणि हे काम उक्तं घेतलंय. उक्तं कळतं?"

मला कळत होतं. गावाला कापणी उक्ती देतात, ठरला तो पैसा, मग माणसं किती का लागेनात. पण हत्ती उक्ते आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे मी मनात म्हटलं. तोंडातले शब्द संपले होते.

हत्तीचं कांसं परत वितळवता आलं. पण पोपट, केळी आणि हरणं कार्यालयात भिंतीला लागली होती, त्यांच्या पोटातला धातू गेला तो गेला. शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी नुकसानीचा निम्मा भाग स्वतःकडे ठेवला, कारण मेण न तोलता पुढे धाडलं ही चूक त्यांची होती. निम्मा माझ्याकडे. तो माझ्या चारेक महिन्यांच्या पगाराएवढा भरत होता.

"दर शनिवारी थोडे कापून घेईन," ते म्हणाले. "आणि तोवर मेणाला हात लावायचा नाही. बाहेर घासकामाला बसा. पैसे फिटले की आत या."

पैशांचं मला तितकं लागलं नाही. मेणाची खोली गेली, हे लागलं. ती एकच जागा होती जिथे मी एखादी गोष्ट करायचे आणि ती माझ्याकडे बघायची.

घरी सांगितलं. आमचे हे म्हणाले, "बघू." हे प्रत्येक गोष्टीला तेच म्हणतात. सासूबाई भाजी चिरत होत्या, त्यांनी विळी बाजूला ठेवली.

"म्हणजे हत्तीला पाय नाहीत?"

"नाहीत."

"आणि सूनबाईला अक्कल नाही. चला, जोडी जमली."

पण त्याच सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला लावायला खोबरेल तेलाची बाटली पिशवीत घातली, कारण घासकामाने कातडी सोलते असं त्यांनी बांगडीवालीकडून ऐकलं होतं.

घासकाम म्हणजे गाळ्याबाहेर पत्र्याखाली बसून ओतलेल्या वस्तूचे कंगोरे कानशीने काढायचे, मग चिंच आणि रेतीने चोळायचं. तिथे मला पहिल्यांदा कळलं की मेण आणि कांसं यांत फरक काय. मेणातली चूक अंगठ्याने पुसता येते. कांशातली चूक दिवसभर घासली तरी माझ्याकडे बघून चमकायची. जे जास्तीचं हरण शेल्फावर राहिलं होतं ते मिस्त्रींनी मुद्दाम तसंच ओतून घेतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "आता ह्येका उपाशी ठेव." मी आठवडाभर कानस चालवली. हरण तसूभर वाळलं नाही. मी वाळले.

त्या पावसाळ्याआधी नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं, आणि कार्यालय नेमकं तेच. मी डोकं दुखतंय म्हणून सांगून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "पैसे कशापायी कापले जातायत ते बघून तरी येऊ."

महिरप झगमगत होती. मिस्त्रींनी नव्याने केलेले दोन सडपातळ हत्ती खाली उभे, चारी पायांवर. आणि त्यांच्या वर माझं सगळं गुबगुबीत गोकुळ. वाळके हत्ती आणि फुगलेली हरणं एकत्र बघून असं वाटत होतं की हरणांनी हत्तींचा चारा खाल्ला. मी खांबाआड उभी राहिले. शेजारी नवऱ्या मुलाकडची एक म्हातारी बसली होती, ती तिच्या सुनेला म्हणाली, "शेळ्या काय छान केल्यात बघ. दुभत्या वाटतात."

"अहो आई, हरणं आहेत ती."

"असं? मग चांगल्या घरची दिसतात."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि पदर तोंडाला लावला. मंगलाष्टकं संपेपर्यंत त्या हसत होत्या. अक्षता टाकायच्याही राहिल्या.

महिने गेले. दर शनिवारी शेठ पगार मोजायचे, त्यातले थोडे बाजूला काढायचे, उरलेले मला द्यायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाळ्यात अवजारांची पूजा होती. भट्टी, तराजू, कानशी, सळया, सगळ्यांना हळदकुंकू. पेढे वाटताना शेठ माझ्याजवळ थांबले.

"बाई, थोडेच राहिलेत. सोडले जा. उद्यापासून आत बसा."

मिस्त्री मागून मान डोलवत होते. मला उडी मारावीशी वाटली. आणि लगेच सासूबाईंचं एक बोलणं आठवलं. त्यांच्या माहेरी कुणीतरी त्यांच्या भावाला भाताचे पैसे सोडले होते. तो भाऊ म्हातारा झाला, तरी दर लग्नात त्या सोडलेल्या पैशांचा विषय निघायचा. त्या म्हणायच्या, फेडलेले पैसे माणूस विसरतो, सोडलेले कुणी विसरत नाही.

माझा हत्ती तसाही कुणी विसरणार नव्हतं. निदान त्याच्यामागे दुसरं शेपूट नको.

"नको, शेठ," मी म्हटलं. खाली बघून म्हटलं, पण ऐकू येईल इतकं. "पुरे होऊ द्या."

"अहो, मी म्हणतोय ना—"

"पुरे होऊ द्या. मग बसते."

भट्टीवाला म्हणाला, "अरे वा, बोलती भी है." सगळे हसले. मी पेढा तोंडात टाकला, म्हणजे पुढचं काही बोलावं लागू नये.

दसऱ्याला सगळे आपट्याची पानं वाटत होते. मी पत्र्याखाली बसून एका समईच्या नळीवरची वेल घासत होते. ती मिस्त्रींची वेल होती. पानं पातळ, शिरा सरळ, एकही जास्तीचं पान नाही. कानशीला काम कमी पडत होतं. मेणात हात घालायची मला इतकी घाई झाली होती की बोटं आपोआप हवेत पान वळवायची. तरी बाहेरच बसले. नंतरचे काही शनिवारही बाहेरच.

शेवटच्या शनिवारी शेठनी पगार मोजला, त्यातून दोन नोटा बाजूला काढल्या, आणि मग त्यांतली एक परत माझ्याकडे सरकवली.

"दोन नकोत. एकच राहिली होती."

"नक्की?"

"बाई, तुम्ही मला हिशोब विचारताय?"

मी मान हलवली. या वेळी ती हो म्हणून हलवली होती.

"फिटले," शेठ म्हणाले. "पै न पै."